प्रत्यक्ष वास्तव्य

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, कुलसचिव कार्यालयातल्या भाटियांनी डॉ. श्रीरंग केळुसकरांच्या हातात एक छापील अर्ज ठेवला आणि चहात साखर किती घालू, हे विचारावं तशा सुरात विचारलं, "सर, आप कौनसा लेंगे? चेक या स्लोवाक?" श्रीरंगला क्षणभर वाटलं, बिस्किटांबद्दल चाललं आहे. मग लक्षात आलं, देशाबद्दल चाललं आहे. चेकोस्लोव्हाकिया हा देश दुभंगून दहा दिवस झाले होते आणि श्रीरंग त्या देशाचा होता; म्हणजे दिल्लीतल्या या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विद्यालयात बावीस वर्षं तो त्या देशाचा रीडर होता. या विद्यालयात जगातल्या प्रत्येक देशाला एक खोली, एक कपाट आणि एक माणूस नेमून दिलेला होता. मोठ्या देशांना दोन माणसं आणि कूलर. गेल्या तीन वर्षांत ही व्यवस्था पार विस्कटली होती. पूर्व जर्मनीचे प्राध्यापक वेळेवर निवृत्त झाले म्हणून वाचले. सोव्हिएत संघाचे पंधरा देश झाले आणि कपाटाच्या किल्लीवरून तीन माणसांत बोलणं बंद झालं. श्रीरंगला मात्र वाटत होतं, आपल्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. कागदपत्रांवर एका जागी दोन शब्द लिहायचे, मध्ये 'आणि' घालायचा, झालं. "भाटियाजी, दोन्ही नाही का घेता येणार?" असं त्यानं हिंदीतून विचारलंही. भाटियांनी चष्म्यावरून पाहिलं. "देश दो हो गए सर, पोस्ट तो एक ही है. शुक्रवार तक भर दीजिए. और ये सात नंबर ज़रूर भरिएगा, पिछली बार सब ने खाली छोड़ दिया था." सात नंबरचा रकाना असा होता: संबंधित प्रदेशातील प्रत्यक्ष वास्तव्य, शहराचे नाव, भाग, एकूण दिवस.

कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना श्रीरंगला जाणवलं की आपण अर्ज घडी न घालता, ओल्या फोटोसारखा दोन बोटांत धरला आहे. बाहेर धुकं निवळून ऊन पडलं होतं आणि लाल विटांच्या भिंतीला पाठ लावून मुलं शेंगदाणे खात होती. शहराचे नाव. चोवीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. याचं कारण साधं होतं आणि ते कारण त्यानंच प्रत्येक वर्गात, प्रत्येक परिसंवादात, कधी कधी जेवणाच्या टेबलावरही सांगितलेलं होतं: अडुसष्ट सालच्या ऑगस्टमध्ये परकी रणगाडे आले तेव्हा तिथल्या लोकांनी सैनिकांना रस्ता सापडू नये म्हणून रातोरात रस्त्यांच्या आणि गावांच्या पाट्या काढून टाकल्या. हे पुस्तकांतही आहे. त्यामुळे श्रीरंग केळुसकर ज्या गावात होता त्या गावाला नाव नव्हतं, आणि त्यात ऐकणाऱ्याला एक प्रकारची भव्यताच वाटे. गाव मात्र डोळ्यांपुढे अगदी स्वच्छ होतं. उताराचा दगडी रस्ता, डाव्या हाताला पाववाल्याचं दुकान, पुढे लोखंडी पूल, पुलाखाली वेगात वाहणारी पण आवाज न करणारी नदी. पाववाल्याच्या दारात रणगाडा थांबतो. वरचं झाकण उघडून एक कोवळा सैनिक डोकं बाहेर काढतो, त्याचा एक गाल सुजलेला, दात दुखत असतो. तो पाणी मागतो. कुणी देत नाही. मग पाववाल्याची बायको आतून येते आणि पाणी न देता त्याच्या तळहातावर एक लवंग ठेवते. त्याच्याशी बोलत नाही. आत निघून जाते. हे सांगताना वर्गात दर वर्षी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होई, आणि श्रीरंगला दर वर्षी त्या पावाचा किंचित आंबूस, गरम वास खरोखर येई.

हा वास कुठून यायचा, हा प्रश्न त्यानं बऱ्याच वर्षांत स्वतःला विचारला नव्हता, कारण श्रीरंग केळुसकर त्या देशात कधी गेलाच नव्हता.

गेलाच नव्हता हेही तसं पूर्ण खरं नाही. तो निघाला होता. पुण्याहून एम. ए. झालेला पंचवीस वर्षांचा मुलगा, तिकडची शिष्यवृत्ती मिळालेली, आईनं बांधून दिलेल्या मेतकुटाच्या डब्यासह ऑगस्टच्या एकोणीस तारखेला दिल्लीच्या विमानतळावरून निघाला. विमान ताश्कंदला उतरलं ते इंजिनात काहीतरी बिघाड म्हणून तिथेच राहिलं. एकविसाव्या तारखेला बिघाड इंजिनात नसून युरोपात असल्याचं कळलं. पुढे जाता येईना, परत पाठवायला कागद येईनात. अशा अधांतरी लोकांना तिथे एका वसतिगृहात ठेवलं होतं. त्याच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर पन्नाशीचा एक मिस्त्री होता, यंत्रं दुरुस्त करायला त्याच देशातून आलेला आणि आता घरी जाता येत नाही म्हणून दिवसभर खाटेवर बसून असलेला. कुठल्याशा बंदरात काम करून शिकलेलं मोडकं इंग्रजी त्याला येत होतं. तो श्रीरंगला 'इंडिया' म्हणायचा, श्रीरंग त्याला मनातल्या मनात 'मिस्त्री'. चहाच्या पुड्याचा कागद उलगडून त्यानं त्यावर पेन्सिलीनं आपला रस्ता काढला आणि भिंतीला चिकटवला. रोज त्यात भर घालायचा. आज पूल, उद्या पुलाचे खिळे. तिसऱ्या आठवड्यात कुणा सहकाऱ्याच्या कोटाच्या अस्तरात लपून त्याच्या बायकोचं पत्र आलं, आणि मिस्त्रीनं ते एक एक वाक्य भाषांतरून, मध्ये नाक शिंकरत, श्रीरंगला वाचून दाखवलं. रणगाडा, पाववाला, दात दुखणारा पोरगा. लवंग पत्रात होती का? श्रीरंग आपल्या इमारतीच्या जिन्यात थांबला. दाढ दुखली की लवंग, हे तर केळुसकरांच्या घरातलं. ती त्या बाईनं दिली होती, की ती सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास आपणच कुठल्यातरी व्याख्यानात तिच्या हातात ठेवली? त्यानं आठवायचा प्रयत्न केला, पण आठवणीत लवंग इतकी घट्ट बसली होती की ती उपटायला गेलं तर सैनिकाचा तळहातच नाहीसा होत होता.

आणि खोटं म्हणावं तर तो कधी बोललाही नव्हता. हीच तर गंमत होती, किंवा ज्याला गंमत म्हणायचं धाडस होत नाही असं काहीतरी. चाळीस दिवसांनी तो परतला तेव्हा तेव्हाचे केंद्रप्रमुख भाऊसाहेब अणावकर हार घेऊन उभे होते. सगळ्या दिल्लीत तिकडून आलेला माणूस म्हणून हा एकच. पहिल्याच सभेत भाऊसाहेब म्हणाले, "हे आत्ताच तिथून आले आहेत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून." श्रीरंग घाईघाईनं उठून म्हणाला, "छे हो, मी कुठलं काय पाहिलं! मी तर तिथे पोचलोही नाही म्हणा ना." सभेत कौतुकाचं हसू पसरलं. भाऊसाहेबांनी शेजारच्या लखनौच्या प्राध्यापकांना समजावलं की आमच्याकडे माणूस असाच बोलतो; चार भाज्या आणि श्रीखंड केलं तरी 'काही नाही, साधंच आहे' म्हणायचं. लखनौचे प्राध्यापक म्हणाले, वाह, क्या तहज़ीब है. पुढे दोन वर्षं श्रीरंग जिथे तिथे खरं सांगत राहिला आणि जितकं जास्त सांगे तितकी त्याच्या विनयाची कीर्ती वाढे. नोकरीच्या मुलाखतीतही तो म्हणाला, माझा तिथला अनुभव शून्य आहे. समितीनं एकमतानं नेमणूक केली. त्यानंतर केव्हातरी नाकारण्याचा कंटाळा आला. वर्गातल्या मुलांनी विचारलं, रस्ता कसा होता सर, तर त्यानं रस्ता सांगितला. रस्ता तर त्याला ठाऊक होता.

खोलीत स्वरूपा देवस्थळे त्याची वाट पाहत बसली होती. वडील रेल भवनात, शाळा पहाडगंजची मराठी, तरी मराठी हिंदीच्या आधारानं चालणारी. पण वाचनाला वाघीण. श्रीरंगच्या हाताखाली तिचा प्रबंध पुरा होत आला होता. तिनं बॅगेतून कागद काढला. "सर, बाहेरच्या परीक्षकांनी तिसरं चॅप्टर बिल्कुल बेस्ट आहे म्हटलंय," ती म्हणाली. तिसरं प्रकरण म्हणजे 'पाट्या काढलेलं गाव: एका भारतीय विद्यार्थ्याची साक्ष'. "बस एकच छोटी चीज. गावाचं नाव टाका म्हणतात. देश आता दोन झाले ना, तर ते चेक गाव की स्लोवाक, त्यावर माझं सगळं आर्ग्युमेंट आहे. लवंगेवर मी चौदा पानं लिहिलीत सर. न देता देणं, असं." श्रीरंग म्हणाला, "चौदा?" ती म्हणाली, "अच्छा, जास्त झाली का?" तो म्हणाला, नाही, नाही. मग म्हणाला, सोमवारी बघू. "सर, आज सोमवारच आहे." "मग गुरुवारी." ती गेली आणि तो टेबलावर दोन कागद शेजारी ठेवून बसला, सातवा रकाना आणि परीक्षकांचं पत्र. नाव लिहिलं तर जागा टिकते आणि स्वरूपाचं प्रकरण उभं राहतं. नाही लिहिलं तर दोन्ही पडतात. नकाशात हजार गावं होती. दगडी उतार आणि लोखंडी पूल बहुतेक सगळ्यांना होते. पण मिस्त्री दोहोंपैकी कुठला? त्यानं त्या खोलीत शिकवलेले त्याच्या भाषेतले पन्नासेक शब्द आठवले तर कळलं असतं, पण ते शब्द पुढे दिल्लीतल्या संध्याकाळच्या वर्गात शिकलेल्या भाषेत असे विरघळले होते की चव सापडत नव्हती. म्हणजे आपल्याला खोटं बोलायचं ठरवलं तरी कुठलं खोटं ते ठाऊक नाही, हे पाहून तो मनापासून चकित झाला. उसनी आठवण आणि तीही कुणाची उसनी ते माहीत नाही.

मंगळवारी एका गावाचं नाव त्याला जवळजवळ पसंत पडलं. बुधवारी सुट्टी होती, कारण दिल्लीत संक्रांतीच्या आदल्या दिवशी लोहडी असते, आणि त्या दिवशी कुमुदिनी त्याला घर दाखवायला घेऊन गेली. कुमुदिनी, त्याची बायको, कृषी भवनात सेक्शन ऑफिसर. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर तिच्या नावावर होतं आणि घरात फाईल कुठे ठेवली हे फक्त तिला माहीत असे. घर म्हणजे गुडगावच्याही पलीकडे, दिल्लीतल्या मराठी नोकरदारांच्या सहकारी संस्थेनं घेतलेलं मोहरीचं शेत. मोहरी फुलावर होती. संस्थेचे चिटणीस दीनानाथ वर्टी, बांधकाम खात्यातून निवृत्त, त्यांनी अर्ध्या एकरातली मोहरी कापून जमिनीवर चुन्यानं प्रत्येकाच्या फ्लॅटचा नकाशा आखला होता, आणि तीस-चाळीस मराठी कुटुंबं नटूनथटून त्या रेघांतून हिंडत होती. "या केळुसकर, इकडून या, तिथे भिंत आहे!" वर्टी ओरडले. श्रीरंग भिंतीतून बाहेर येऊन दारातून आत गेला. "हा तुमचा तिसरा मजला." "आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत?" "अर्थात. खाली कुलकर्णी राहतात, ते अजून आलेले नाहीत." कुमुदिनी एका चौकोनाशी थांबली, तिनं चपला काढल्या आणि अनवाणी आत गेली. स्वयंपाकघर होतं. आजूबाजूच्या चौकोनांतही बायकांनी चपला काढलेल्या श्रीरंगला दिसल्या. उन्हात, चुन्याच्या रेघेबाहेर, नीट जोडीजोडीनं. "खिडकी इथे हवी होती," कुमुदिनी हवेत हात दाखवत म्हणाली, "इथनं बाग दिसली असती." "बाग कुठाय?" "बॅडमिंटन कोर्टाच्या मागे," ती म्हणाली आणि वर्टींनी मान डोलावली. सगळ्यांना सगळं दिसत होतं. एक म्हातारे गृहस्थ लिफ्टसाठी थांबले होते. ही माणसं खोटं बोलत नव्हती, आणि शेतात तर मोहरीशिवाय काही नव्हतं.

श्रीरंग दिवाणखान्यात, म्हणजे एका ढेकळावर, बसला आणि कुमुदिनीला म्हणाला, "कुमुद, मला तुला एक सांगायचंय. त्या अडुसष्टच्या सालातलं." "तुम्ही तिकडे गेला नव्हतात, तेच ना?" ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली. श्रीरंग ढेकळावरून अर्धवट उठला. "एकाहत्तर साली रेशनकार्डाला कागद जोडताना तुमचा पासपोर्ट पाहिला मी. ताश्कंदचा शिक्का आहे, पुढची पानं कोरी. माझ्या बाबांनी तर 'मुलगा युरोप बघून आलाय' म्हणून स्थळ पसंत केलं होतं." "मग बावीस वर्षं तू बोलली नाहीस?" "तुम्ही कुठे विचारलंत? आणि अहो, सभेत तुम्ही ते लवंगेचं सांगायचात तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. म्हटलं, नसेल गेला माणूस, पण सांगतो किती छान!" ती बाहेर आली, चपला घालून त्याच्या शेजारी उभी राहिली. "का, आता काय झालं?" त्यानं रकान्याचं सांगितलं, स्वरूपाचं सांगितलं. नोकरीबद्दल ऐकताना कुमुदिनी शांत होती. असल्या अर्जांचं काय होतं ते तिला कृषी भवनात रोज दिसत होतं. स्वरूपाचं नाव आलं तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. "किती पानं म्हणालात?" "लवंगेवर चौदा. सगळं प्रकरण साठ." "आणि ती पोर खरं समजून लिहितेय." "हो." "मग उद्या सांगा तिला," कुमुदिनी म्हणाली, "आणि हे बघा, विनय नको. सरळ सांगा. नाहीतर ती पण हसेल आणि परत जाऊन आणखी चार पानं लिहील."

गुरुवारी दुपारी ग्रंथालयामागच्या हिरवळीवर, स्वरूपा मुळा खात असताना, त्यानं सांगितलं. फार वाईट सांगितलं. ताश्कंदपासून सुरुवात केली, मध्येच भाऊसाहेब अणावकरांकडे गेला, मग अस्तरातल्या पत्राकडे. आपण बचाव करतोय की कबुली देतोय हे त्याचं त्यालाच कळेना. ऐकणाऱ्यालाही ते कळत नसणार, म्हणून शेवटी तो थांबून म्हणाला, "स्वरूपा, मी त्या देशात पाऊल ठेवलेलं नाही. ते सगळं मी एका माणसाकडून ऐकलं. लवंग कदाचित माझी आहे." स्वरूपाचा मुळा तोंडाजवळ राहिला. तिच्या चेहऱ्यावर आधी ओळखीचं कौतुकाचं हसू येऊ लागलं, ते पाहून श्रीरंग घाबरला आणि त्यानं नुसती मान हलवली, नाही, नाही. हसू थांबलं. मग तिनं विचारलं ते श्रीरंगच्या कल्पनेत नव्हतं. "त्या बाईंचं नाव काय होतं सर? ज्यांनी पत्र लिहिलं?" "माहीत नाही." "आणि त्यांच्या मिस्टरांचं?" "मी त्याला मिस्त्री म्हणायचो. मनात." "चाळीस दिवस एका खोलीत," ती म्हणाली, "आणि नाव नाही विचारलं?" श्रीरंगनं आठवून पाहिलं. विचारलं असेल. सांगितलंही असेल. खरं म्हणजे रस्ता आपला म्हणून सांगू लागल्यापासून त्याला त्या नावाचं काही काम उरलं नव्हतं. रस्त्यावर पाहणारा माणूस एकच हवा होता आणि तो आता श्रीरंग होता. "आठ महिने मी समजत होते, मी त्या रस्त्यावर आहे," स्वरूपा म्हणाली. "सर, राग नाही आला मला. म्हणजे, आलाय बहुतेक. मी बिल्कुल कन्फ्यूज झालेय. ती बाई खिडकीत उभी राहून सगळं बघते, लिहिते, आणि तिला आपण दोघांनी मिळून बाहेर काढलं. चॅप्टर तर मला काढायलाच लागेल." तिनं मुळ्याची पानं कागदात गुंडाळली, पर्स उचलली, आणि जाताना सवयीनं "थँक यू सर" म्हणाली. ते 'थँक यू' श्रीरंगच्या कानात पुष्कळ वेळ, अर्थ न लागता, राहिलं.

शुक्रवारी त्यानं अर्ज भरला. दोन देशांपैकी एकापुढे खूण करायच्या जागी त्यानं कुठेच खूण केली नाही आणि सातव्या रकान्यात लिहिलं: ताश्कंद, वसतिगृह, चाळीस दिवस. बावीस वर्षांची नोकरी या चार शब्दांवर जाते आहे, हे त्याला कळत होतं, आणि त्याबरोबर एक लाजिरवाणं हलकेपणही येत होतं, ओला स्वेटर अंगातून काढल्यासारखं. भाटियांनी अर्ज घेतला, बोट फिरवत सातव्या रकान्यापाशी आले आणि थांबले. श्रीरंग उभाच राहिला. "ताश्कंद?" भाटिया म्हणाले. "वही, समझौते वाला?" "जी." "मगर सर, ये तो इन दोनों में से किसी में नहीं आता." "जी नहीं. मैं उन दोनों में कभी गया ही नहीं." भाटियांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ताश्कंद तो अब उज़्बेकिस्तान हो गया. नया देश है. उसका फ़ॉर्म अलग है, नीला वाला." त्यांनी खण उघडून निळा अर्ज काढला आणि आवाज खाली आणला. "सर, सच बताऊँ? मध्य एशिया का नया सेंटर खुल रहा है और डायरेक्टर साहब परेशान हैं. पूरे स्कूल में एक आदमी नहीं जो वहाँ एक रात भी रहा हो. सब ने सात नंबर खाली छोड़ा है. और आप चालीस दिन दबाए बैठे हैं! आप महाराष्ट्रियन लोग भी ना, अपने बारे में कुछ बताते ही नहीं."

निळा अर्ज भरायला दोन मिनिटं लागली. त्याच टेबलावर, परत निघताना, भाटियांनी आणखी एक कागद सहीसाठी पुढे केला: कुमारी स्वरूपा देवस्थळे यांचा मार्गदर्शक बदलून मिळण्याबाबतचा विनंती अर्ज. कारणाच्या जागी तिनं 'वैयक्तिक' लिहिलं होतं आणि एका वर्षाची मुदतवाढ मागितली होती. श्रीरंगनं सही केली. शाई वाळेपर्यंत तो ते अक्षर पाहत राहिला. गोल, काळजीपूर्वक, पहाडगंजच्या शाळेत वळण लावलेलं अक्षर.

शनिवारी सकाळी क्वार्टरसमोरच्या उन्हात, खाटेवर, कुमुदिनी मटार सोलत होती आणि श्रीरंग ग्रंथालयातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक चाळत होता. संचालकांचा फोन येऊन गेला होता. पुढच्या महिन्यात नव्या केंद्राचं उद्घाटन, पहिलं व्याख्यान डॉ. केळुसकरांचं: 'ताश्कंद १९६८, प्रत्यक्ष पाहिलेलं'. पदही आता रीडरचं राहणार नाही, वरचं होईल, असं संचालक म्हणाले होते. "म्हणजे तुमचं भलंच झालं," कुमुदिनी म्हणाली, "आणि एक वर्ष गेलं त्या मुलीचं." श्रीरंगनं पान उलटलं. पुस्तकात लिहिलं होतं की सहासष्ट सालच्या भूकंपात ते शहर जवळजवळ सगळं पडलं, आणि अडुसष्ट साली ते सबंधच्या सबंध नव्यानं बांधलं जात होतं. मैलोगणती क्रेन, कुठून कुठून आलेले हजारो कामगार, तंबू, रात्रंदिवस चाललेली यंत्रं. त्यानं ते पान दोनदा वाचलं. फोटोत क्रेनच क्रेन होत्या. कुमुदिनीनं वाकून पाहिलं. "बाई गं! एवढं सगळं चाललं होतं? मग तो तुमचा मिस्त्री कशाला आला होता?" "क्रेन दुरुस्त करायला, असेल," श्रीरंग म्हणाला. हे त्याला आत्ता सुचलं होतं. "मग छानच की, हे तर खरं पाहिलेलं. आवाज किती असेल, धूळ किती असेल. सांगा ना, कसं होतं?" तो आठवू लागला. मिटल्या डोळ्यांपुढे ताबडतोब उतार आला, दगडी रस्ता, पाववाल्याचं दुकान, पूल. त्यानं ते बाजूला सारलं. पुन्हा तेच आलं. चहाच्या कागदावरची पेन्सिलीची रेघ आली, मिस्त्रीचं बोट आलं, बोटाच्या नखातलं काळं वंगण आलं. त्यापलीकडे काही नव्हतं.

"अहो, खोलीला खिडकी तर असेल ना?" कुमुदिनीनं विचारलं.

"होती," श्रीरंग म्हणाला. "मोठी होती. ऊन यायचं तिच्यातून. कागदावर पडायचं."

"मग?"

"कागद समोरच्या भिंतीवर होता," तो म्हणाला. "माझी पाठ होती खिडकीकडे. चाळीस दिवस."